डबल बेसवरचा तोच तो वाद: पहिल्या बेसवर नेमकं कुठे चुकतं आणि ते कसं शोधायचं

लक्षणं

सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या बेसवर पांढरा आणि नारिंगी असे दोन भाग जोडलेला बेस लावतात, तो डबल बेस. खालचं काही तुमच्या मैदानावर पुन्हा पुन्हा घडत असेल तर पुढे वाचा. उदाहरणं मुलींच्या सामन्यातली घेतली आहेत, मुलांना नियम तेच.

- बॅटर धावत आली, पांढऱ्या भागावर पाय देऊन पुढे गेली. अंपायरने सेफ दिलं. समोरचा कोच ओरडतोय, "नारिंगीला पाय लागलाच नाही, आउट द्या!" अंपायर जागचा हलत नाही.
- थ्रो वेळेत आला. पहिल्या बेसवरच्या मुलीने नारिंगीवर पाय ठेवून तो झेलला. संघाने जल्लोष केला आणि निकाल आला सेफ.
- पहिल्या बेसवर उभी असलेली रनर जागची हलली नाही. पिचरच्या हातून चेंडू सुटला आणि अंपायरने तिला आउट दिलं.
- टोलवलेला चेंडू नारिंगीवर आपटून उजवीकडे गेला. रनर दोन बेस पळाल्या, मग सगळ्यांना परत बोलावलं.
- तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटून पहिल्या बेसच्या डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बाकाकडे घरंगळला आणि बॅटर पहिल्या बेसकडे पळाली. आता कोणी कुठे पाय ठेवायचा, यावर बाकावरचे सगळे एकदम बोलू लागले.
- डबल बेस असूनही धडक होते, घोटे मुरगळतात.
- दोन इनिंग झाल्या की बेसचा सांधा फक्कीच्या रेषेवर राहत नाही.

पहिल्या पाच तक्रारी नियमाच्या आहेत, शेवटची मांडणीची. धडक मात्र दोन्हींमुळे होते. म्हणून तपासणी मांडणीपासून सुरू करायची. तिला पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात, आणि बेसच चुकीचा लावला असेल तर नियमावर घातलेला वाद फुकट जातो.

आधी बेस ओळखून घ्या

डबल बेस म्हणजे ३८ सेंटीमीटरचे दोन चौकोन एकमेकांना चिकटवून केलेला ३८ बाय ७६ सेंटीमीटरचा बेस. पांढरा अर्धा भाग मैदानात, म्हणजे फेअर बाजूला, आणि रंगीत अर्धा रेषेबाहेर, फाउल बाजूला. आपल्याकडे रंग बहुतेक वेळा नारिंगीच दिसतो, म्हणून इथे नारिंगी म्हणू.

हा बेस धडक टाळण्यासाठी आला. पहिल्या बेसवर धावणारी मुलगी पूर्ण वेगात असते, तिला थांबायचं नसतं, आणि झेलणारीचं लक्ष चेंडूवर असतं. दोघींना एकाच चौकोनावर पाय ठेवायला लावलं की टाचेवर टाच येते. दोघींना वेगळी जागा दिली की दोघी एकमेकींच्या शेजारून निघून जातात. पुढचा प्रत्येक नियम या एका हेतूतून आलेला आहे. एखादा नियम आठवला नाही तर स्वतःला विचारा, "इथे धडकेचा धोका होता का?" दहापैकी नऊ वेळा उत्तर बरोबर येतं.

पहिली तपासणी: सांधा आणि रेषा

फाउल लाइन स्वतः फेअर असते. त्यामुळे बेसचा पांढरा आणि नारिंगी भाग जिथे जुळतो तो सांधा फक्कीच्या रेषेच्या बाहेरच्या कडेवर यायला हवा. रेषेच्या मधोमध नाही, आतल्या कडेवर तर नाहीच. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून सुतळी ताणा, ती रेषेच्या बाहेरच्या कडेवरून न्या आणि बेसपाशी बघा. सुतळी सांध्यावरून गेली तर ठीक.

अंतर होम प्लेटच्या मागच्या टोकापासून पहिल्या बेसच्या मागच्या कडेपर्यंत मोजायचं असतं. फास्टपिचमध्ये, म्हणजे पिचर वेगाने चेंडू टाकते त्या प्रकारात, ते १८.२९ मीटर, म्हणजे ६० फूट. मागची कडा म्हणजे उजव्या मैदानाकडची, होम प्लेटकडची बाजू नव्हे. पुष्कळ ठिकाणी टेप पुढच्या कडेवर १८.२९ला थांबवतात, मग बेस ३८ सेंटीमीटर लांब जातो. पहिल्या बेसवरच्या अर्ध्याअधिक प्लेचा निकाल एका पावलाच्या फरकाने लागतो, आणि ३८ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ अर्धं पाऊल. टेप ताणली की पुढची कडा १७.९१वर यायला हवी, हे आकडे फक्की मारणाऱ्याच्या वहीत लिहून ठेवा. कोन बरोबर आहे का हे बघायला होम प्लेटच्या मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत कर्ण मोजा. तो २५.८६ मीटर भरला पाहिजे. इथे मध्यापर्यंत मोजायचं आणि पहिल्या बेसला मागच्या कडेपर्यंत, यात हमखास घोळ होतो.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे घाईत बेस उलटा लावणं, पांढरा बाहेर आणि नारिंगी आत. ऐकायला अशक्य वाटतं, पण पुण्यातल्या शाळांच्या मैदानांवर सकाळी फुटबॉल, दुपारी सॉफ्टबॉल आणि संध्याकाळी क्रिकेट असा क्रम असतो. बेस दिवसातून दोनदा उचलले जातात, आणि ते परत लावण्याचं काम बहुधा नवख्या मुलाकडे येतं. बेसच्या खालच्या बाजूला होम प्लेटच्या दिशेने बाण काढून ठेवा. पक्क्या शाईचा मार्कर पुरतो.

हेच करताना धावण्याची तीन फुटी लेनही बघा. होम प्लेट आणि पहिल्या बेसच्या बरोबर मधून, म्हणजे होमपासून ९.१४ मीटरवरून, फाउल लाइनच्या बाहेर ०.९१ मीटरवर दुसरी समांतर रेषा बेसपर्यंत जाते. नारिंगी भाग याच पट्ट्यात बसतो. ही रेषा मारलेलीच नसेल तर मुली सवयीने आतून, गवताच्या बाजूने धावतात आणि शेवटच्या क्षणी नारिंगीकडे तिरकी उडी मारतात. घोटा मुरगळतो तो या उडीत. लेन आखली की धाव आपोआप सरळ होते. फक्कीचं अर्धं पोतं वाचवण्यापायी ही रेषा गाळू नका.

दुसरी तपासणी: बेस जागेवर राहतो का

शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात येतात. मुरमाचं मैदान वरून ओलं आणि खाली कडक असतं. खिळा वरच्या दोन बोटांत बसतो, खालच्या थरात शिरत नाही, आणि तिसऱ्या धावेला बेस फिरतो. फिरलेल्या बेसचा सांधा तिरका होतो. मग पांढऱ्याचा एक कोपरा फाउल बाजूला आणि नारिंगीचा एक कोपरा फेअर बाजूला येतो, आणि तिथे आपटलेल्या चेंडूचा निकाल कोणालाही पटवून देता येत नाही.

हे बघा:

पाय ठेवून बेस जोराने पुढे ढकला. बोटभर जरी सरकला तरी खिळे काढून पुन्हा ठोकायला हवेत. खिळे वीतभर लांब असावेत. ते होम प्लेटकडे झुकवून ठोका म्हणजे धावेचा धक्का त्यांना उपटण्याऐवजी आत दाबतो. चारही कोपरे धरले पाहिजेत. फक्त पांढऱ्या भागाला खिळे आणि नारिंगी मोकळा, ही पद्धत धोक्याची आहे, कारण सगळ्यात जास्त जोर नारिंगीवरच येतो. डोकी कापडाच्या पातळीखाली गेली पाहिजेत. खिळे, वॉशर, दोरी हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं.

दोन्ही भागांची जाडी सारखी हवी. जुना पांढरा बेस आणि नवीन शिवलेला नारिंगी अशी जोडी असेल तर मध्ये पायरी तयार होते, आणि पाय सांध्यावर पडला की घोटा आत वळतो. हात फिरवून बघा, बोटाला उंचसखलपणा जाणवला तर पातळ बाजूला आतून फोमचा तुकडा घाला किंवा दोन्ही भाग एकाच रेक्झिनच्या खोळीत शिवून घ्या. कुठलाही सीट कव्हर शिवणारा हे करून देतो. रंग उडून गुलाबी-पांढरा झाला असेल तर खोळ बदला. धावणारीला शेवटच्या पाच पावलांत रंग डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसावा लागतो.

डबल बेस मिळतच नसेल तर सरावात साध्या बेसशेजारी गेरूने चौकोन आखला तरी चालतो. सामन्यात नको. आणि सुटी नारिंगी पट्टी नुसती शेजारी ठेवायची तर अजिबात नको, ती पायाखालून निसटते.

तिसरी तपासणी: तीन प्रश्न, याच क्रमाने

बेस नीट असूनही वाद होत असेल तर चूक कोणाच्या तरी डोक्यातल्या नियमात आहे. प्ले झाल्यावर हे प्रश्न विचारा.

*ही बॅटर-रनर (बॅटिंग करून पहिल्या बेसकडे धावणारी) आहे का, आणि पहिल्यांदाच पहिल्या बेसवर येते आहे का?* नाही असेल तर इथेच थांबा. नारिंगी भाग तिच्यासाठी संपला, तिचा बेस पांढरा. नारिंगीचं आयुष्य एका धावेपुरतं असतं, हे मुलींना एकदा नीट समजलं की अर्ध्या तक्रारी बंद होतात.

*पहिल्या बेसवर तिच्याविरुद्ध प्ले होत होता का?* म्हणजे तिला बाद करायला थ्रो येत होता का. होत असेल तर क्षेत्ररक्षकाने पांढरा वापरायचा आणि बॅटर-रनरने नारिंगी. प्ले नसेल, चेंडू लांब गेला असेल, तर ती कुठल्याही भागाला पाय लावून जाऊ शकते. लांब फटक्यावर दुसऱ्या बेसकडे वळताना पांढऱ्याच्या आतल्या कोपऱ्यावर पाय देणं हेच योग्य. नारिंगीवरून वळायला बंदी नाही, पण वळण मोठं होतं आणि वेळ जातो.

*थ्रो कुठून आला?* तो फेअर बाजूने आला तर वरचा नियम जसाच्या तसा. पहिल्या बेसच्या फाउल बाजूने आला, किंवा वाकड्या थ्रोने क्षेत्ररक्षकाला फाउल बाजूला खेचून नेलं, तर दोघींनाही दोन्ही भाग मोकळे. कारण सरळ आहे. झेलणारी बाहेरच्या बाजूला आलेली असताना बॅटर-रनरला नारिंगीचीच सक्ती केली तर आपण होऊन धडक ओढवून घेतल्यासारखं होईल.

आता लक्षणांकडे परत जाऊ. सुटलेला तिसरा स्ट्राइक पहिल्या बेसच्या डगआउटकडे गेला आणि कॅचरने तिथून फेकला, तर झेलणारी नारिंगीवर पाय ठेवू शकते आणि बॅटर-रनर पांढऱ्यावर. तोच चेंडू होम प्लेटच्या पुढे, मैदानात पडला असेल तर नेहमीचाच नियम. सुटलेला तिसरा स्ट्राइक म्हणजे दोन्ही भाग मोकळे, असं सरसकट पाठ केलेलं असतं. तसं नाही. चेंडू कुठून फेकला यावर ठरतं. बंटचंही (बॅट नुसती टेकवून हळू ढकललेला चेंडू) तसंच: कॅचरने बंट रेषेच्या आत उचलला तर थ्रो फेअर बाजूचा.

सगळ्यात फसवा प्रसंग उजव्या मैदानातल्या आखूड फटक्याचा. चेंडू सेकंड बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून गेला, बॅटरला वाटलं सहज हिट, तिने गोल वळण घेत पांढऱ्यावर पाय दिला. पण राइट फील्डर पुढे होती, तिने एका टप्प्यात उचलून थेट पहिल्या बेसवर फेकला. इथे प्ले झाला. म्हणजे नारिंगी लागायला हवी होती. फर्स्ट बेस कोचने अशा फटक्यावर "सरळ!" असं ओरडायचं, हे आधीच ठरवून ठेवा. वळायचं की सरळ जायचं याचा निर्णय अर्ध्या अंतरावर, लेन सुरू होते तिथे, झाला पाहिजे. त्यानंतर मन बदललं की पाय चुकतो.

अर्धं पाऊल पांढऱ्यावर आणि अर्धं नारिंगीवर पडलं तर? नारिंगी लागली, काम झालं. दोष फक्त पांढऱ्यालाच पाय लागला तर.

चौथी तपासणी: बेसवर पोचल्यानंतरचे पाय

न हलता आउट झालेल्या रनरचं कोडं इथे सुटतं. ती नारिंगीवर उभी होती. धावत पुढे निघून गेल्यावर परत येताना पांढऱ्यावर यायचं असतं. ती थकलेली असते, नारिंगी तिच्या वाटेत आधी येते, ती तिथेच थांबते. नियमाच्या नजरेत ती बेसवर नाहीच. चेंडू खेळात असताना कोणी तिला चेंडू लावला तर आउट. तशीच उभी असताना पिचरने चेंडू सोडला तर बेस लवकर सोडल्यासारखं धरून आउट.

पकडलेल्या उंच चेंडूवर बेस धरून पळायचं असेल तर पाय पांढऱ्यावर हवा. पिकऑफच्या, म्हणजे बेसपासून पुढे सरकलेल्या रनरला बाद करायला आलेल्या थ्रोवर परत झेपावताना हातही पांढऱ्यावर. आणि एक नेहमी विसरलं जाणारं: फास्टपिचमध्ये वॉक (चार बॉल पडल्यावर मिळणारा पहिला बेस) मिळाल्यावर चेंडू खेळातच असतो. बॅटर रमतगमत जाते, नारिंगीवर उभी राहून हातमोजे काढते, आणि जागरूक कॅचर थ्रो करून तिला टॅग करून घेते. वॉकवर जाताना पाय कुठल्याही भागाला लावा, पण थांबायचं पांढऱ्यावर.

उपाय फुकट आहे. फर्स्ट बेस कोचने प्रत्येक पिचच्या आधी रनरच्या पायांकडे बघून "पांढरा" एवढा एकच शब्द म्हणायचा. दोन सामन्यांत सवय लागते.

पाचवी तपासणी: फेअर की फाउल

टोलवलेला चेंडू पांढऱ्यावर आपटला किंवा टप्पा घेऊन त्याच्यावरून गेला तर फेअर, मग तो पुढे कुठेही जावो. फक्त नारिंगीवर आपटला तर फाउल. सांध्यावर आपटला म्हणजे पांढऱ्याला लागला, म्हणून फेअर. बेसचा रंगीत भाग हा टोलवलेल्या चेंडूपुरता बेसच नाही, फाउल जमिनीचा तुकडा आहे, असं समजा. एवढंच.

सहावी तपासणी: पायांची सवय

इथून पुढे मैदानावर घाम गाळावा लागतो. नियम तोंडपाठ असूनही पाय चुकत असतील तर सरावच कमी पडतोय.

बॅटर-रनरसाठी: बुटाच्या तळव्याला ओली फक्की लावा आणि होमपासून नारिंगीवरून पूर्ण वेगात पळायला सांगा. दहा धावांनंतर नारिंगीवरचे ठसे बघा. ठसे पुढच्या कडेला, मध्यावर किंवा बाहेरच्या अंगाला हवेत. सांध्याजवळ ठसे दिसत असतील तर मुलगी आतून धावते आहे, लेनमधून नाही. शेवटचं पाऊल लांबवून उडी मारणं बंद करा. उडीत वेग कमी होतो आणि सगळं वजन एका घोट्यावर येतं. बेसला पाय लागल्यावर तीन-चार पावलं सरळ पुढे जाऊन थांबायचं आणि मान उजवीकडे, फाउल बाजूला वळवायची, कारण सुटलेला थ्रो तिकडेच जातो.

पहिल्या बेसवरच्या खेळाडूसाठी: पाय पांढऱ्याच्या आतल्या कडेला लावायचा, मधोमध ठेवायचा नाही. बेसच्या मधोमध टाच असली तर धावणारीचं वाकडं पाऊल तिच्यावर येतं. आधी बेसपाशी जायचं, थ्रोची दिशा कळल्यावर मगच पाय ताणायचा. आधीच ताणून बसलं की वाकड्या थ्रोवर पाय नारिंगीवर घसरतो आणि जल्लोष वाया जातो.

कॅचर आणि पहिला बेस यांच्यात एक हाक ठरलेली हवी. चेंडू फाउल बाजूला गेला की पहिल्या बेसवरची मुलगी नारिंगीच्या बाहेरच्या अंगाला सरकते आणि "बाहेर!" ओरडते, फेअर बाजूला असेल तर "आत!". कॅचरला धावणारीच्या पाठीआड लक्ष्य दिसत नसतं, हाकेवरून दिसतं. वीस थ्रो आत, वीस बाहेर, आठवड्यातून दोनदा, आणि सोबत खरी रनर पळती हवी. रनरशिवाय केलेला हा सराव सामन्यात उपयोगी पडत नाही.

सातवी तपासणी: अपील केलं का

पहिल्या लक्षणाचं उत्तर बरेच दिवस कोचेसना सापडत नाही ते याच्यामुळे. प्ले होत असताना बॅटर-रनरने फक्त पांढऱ्याला पाय लावला तर नियम त्याला बेस चुकवल्यासारखं धरतो. बेस चुकवणं हे अंपायरने आपणहून दाखवायचं नसतं, क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने अपील करायचं असतं. म्हणून अंपायर गप्प असतो. त्याने पाहिलेलं असतं, तो तुमच्या अपीलची वाट बघत असतो.

वेळ फार थोडा असतो. रनर पहिल्या बेसवर परत येण्याआधी अपील झालं पाहिजे. ती परत पांढऱ्यावर आली की हक्क गेला. चेंडू हातात असलेल्या खेळाडूने रनरला टॅग करायचं किंवा पांढऱ्या भागाला पाय लावायचा आणि अंपायरला स्पष्ट सांगायचं: "तिने नारिंगीला पाय लावला नाही." नुसतं "आउट, आउट" ओरडणं म्हणजे अपील नव्हे, आणि बाकावरून कोचने ओरडणं तर मुळीच नव्हे. हे वाक्य पहिल्या बेसवरच्या मुलीकडून सरावात मोठ्याने म्हणवून घ्या. ऐन सामन्यात तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला शब्द सुचत नाहीत.

थ्रो जर बॅटर-रनरच्या आधीच पोचला आणि क्षेत्ररक्षकाचा पाय पांढऱ्यावर असेल तर ती तशीही आउट. तिथे नारिंगीचा विषय काढू नका.

आठवी तपासणी: धडक झाली तर दोष कोणाचा

हे सगळ्यात अवघड, कारण इथे अंपायरला डोळ्यांवर निर्णय द्यावा लागतो. ढोबळ मांडणी अशी. पांढऱ्यावर थ्रो झेलायला उभ्या असलेल्या खेळाडूला बॅटर-रनर पांढऱ्यावरून जाऊन धडकली तर इंटरफिअरन्स: चेंडू मृत, बॅटर-रनर आउट, बाकीच्या रनर त्या क्षणी शेवटी पाय लावलेल्या बेसवर परत. उलट, हातात चेंडू नसलेली खेळाडू नारिंगीवर उभी राहून वाट अडवत असेल तर ऑब्स्ट्रक्शन, आणि फायदा धावणारीला.

लेनचा नियम डबल बेसमुळे रद्द होत नाही. शेवटच्या अर्ध्या अंतरात लेनच्या बाहेर धावून थ्रो झेलणारीला अडथळा केला तर बॅटर-रनर आउट, मग तिने शेवटी नारिंगीला पाय लावलेला असो. टोलवलेला चेंडू उचलणाऱ्या खेळाडूला चुकवण्यासाठी लेन सोडायला मात्र मुभा आहे.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पाय आधी लागला की चेंडू आधी पोचला, पाय नारिंगीला लागला की नाही, धडक टाळता आली असती का, हे सगळं अंपायरच्या नजरेचं आहे. त्यावर प्रोटेस्ट, म्हणजे औपचारिक हरकत, चालत नाही. इथे बोलणं थांबवा, कॅप्टनलाही थांबवा.

नियमच चुकीचा लावला असं वाटत असेल, उदाहरणार्थ फेअर बाजूच्या थ्रोवर नारिंगीवरचा झेल आउट दिला, तर पुढचा चेंडू टाकला जाण्याआधी शांतपणे मुख्य अंपायरकडे जाऊन प्रोटेस्ट सांगा. पिच पडला की वेळ गेली. प्रोटेस्टमध्ये "अन्याय झाला" नको. इनिंग, किती आउट, थ्रो कुठून आला, कोणाचा पाय कुठे होता, एवढंच सांगा.

स्पर्धेप्रमाणे बारीक फरक असू शकतात, म्हणून सामन्याआधीच्या कॅप्टन मीटिंगमध्ये तीन गोष्टी विचारून घ्या: डबल बेस वापरणार का, फाउल बाजूच्या थ्रोवर काय धरणार, आणि पांढऱ्यावर पाय देऊन गेलेल्या बॅटर-रनरवर अपील कसं घेणार. उत्तरं दोन्ही कोचेससमोर मिळाली की नंतर कोणाला "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

वरच्या सगळ्या तपासण्या करूनही एका हंगामात तोच वाद चार-पाच वेळा झाला तर स्वतः नियमावली वाचून अर्थ लावत बसू नका. जिल्हा संघटनेकडून परीक्षा उत्तीर्ण अंपायर बोलवा आणि एक संध्याकाळ मैदानावर, खऱ्या बेसवर, खरे थ्रो करून प्रात्यक्षिक घ्या. फळ्यावर काढलेली आकृती मुली विसरतात. बेस वारंवार उखडत असेल तर जमिनीत लोखंडी सॉकेट काँक्रीटमध्ये बसवून घ्यावं लागेल. ते गवंड्याचं काम आहे. सॉकेटची वरची कड जमिनीच्या खाली राहिली पाहिजे आणि बेस काढल्यावर झाकण बसलं पाहिजे, नाहीतर त्याच मैदानावर खेळणाऱ्या फुटबॉलच्या मुलाच्या गुडघ्याला ते लागेल.

धडकेनंतर घोटा धरून कोणी बसली तर चोळू नका, पाय ओढून बघू नका, "चालून बघ, मोकळं होईल" म्हणू नका. बूट सैल करा, पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढायला न्या. डोक्याला मार लागून गुंगी, उलटी किंवा गोंधळ असेल तर १०८ला फोन करा आणि तिला त्या दिवशी पुन्हा उतरवू नका. खेळाडू बाहेर गेल्यावर, पुढचा पिच होण्याआधी, बेसवर जाऊन सुतळी पुन्हा ताणून बघा. धडकेत तो बहुतेक वेळा सरकलेला असतो.